वातीवर वाढणारी मिरचीची रोपे

उन्हाळा लागला की मोबाइलवरून कुंड्यांना पाणी घालणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती हटकून दिसू लागतात. मातीत खुपसायचा सेन्सर, छोटा पंप, वायफाय आणि या सर्वांवर देखरेख करणारे ॲप असा तो सरंजाम असतो. शेतासाठी किंवा मोठ्या रोपवाटिकेसाठी अशा यंत्रणेचा उपयोग नक्कीच आहे. परंतु सदनिकेतल्या एका कोपऱ्यात पुसा ज्वाला या मिरचीच्या वाणाची बारा रोपे तयार करायची असतील, तर समईतले तेल ज्योतीपर्यंत ज्या रीतीने पोहोचते, तेवढी रीत पुरेशी आहे, असा माझा पुण्यातल्या घरातला तीन हंगामांचा अनुभव आहे.

मांडणी सोपी आहे. खाली पाण्याचा झाकणबंद डबा, त्यावर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेले तळाशी भोक असलेले कप, आणि प्रत्येक कपातून खालच्या पाण्यात सोडलेली एक वात. पहिल्या वर्षी मी देवघरातल्या कापसाच्या वाती वापरल्या आणि चार दिवसांत सारी रोपे माना टाकून बसली. वात पाण्यात बुडलेली होती, तरी तिचे वरचे टोक कोरडे ठणठणीत होते. तेल सहज पिणारी वात पाणी का पीत नाही, या प्रश्नातच या विषयाची सगळी गंमत आहे.

सरकीपासून वेगळ्या केलेल्या कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. तेलाचे आणि मेणाचे सख्य असल्यामुळे तेल तंतूवर पसरत जाते; पाण्याच्या रेणूंना मात्र मेणापेक्षा एकमेकांची ओढ जास्त असते, त्यामुळे ते थेंब होऊन बाजूला राहतात. तीच वात धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा तास उकळून घेतली की मेण निघून जाते, खालचे सेल्युलोज उघडे पडते आणि पाणी झरझर वर चढते. जुन्या, अनेकदा धुतलेल्या सुती साडीची पट्टीही असेच काम करते. सुती वात काही आठवड्यांत कुजते, म्हणून पुढे मी पॉलिएस्टरची जाड दोरी वापरू लागलो.

पाणी किती उंच चढेल, याचा नियम अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जेम्स जुरिन या इंग्रज वैद्याने मांडला. नळी जितकी बारीक, तितके पाणी उंच. स्वच्छ काचेच्या नळीसाठी मिलिमीटरमधली त्रिज्या आणि सेंटिमीटरमधली चढण यांचा गुणाकार साधारण १.५ येतो, म्हणजे १ मिमी त्रिज्येच्या नळीत पाणी दीड सेंटिमीटर चढते, तर ०.१ मिमी त्रिज्येच्या नळीत १५ सेंटिमीटर. दोरीच्या तंतूंमधल्या फटी आणि कोकोपीटच्या कणांमधली छिद्रे म्हणजे अशा असंख्य वेड्यावाकड्या नळ्याच होत.

हाच नियम उलट बाजूने वाचला की तो अधिक उपयोगी पडतो. समजा, कपातला एखादा थर पाण्याच्या पातळीपासून १५ सेंटिमीटर उंच आहे. तेथे ०.१ मिमीपेक्षा मोठ्या त्रिज्येच्या छिद्रांत पाणी टिकून राहू शकत नाही. ती रिकामी होतात आणि त्यांत हवा शिरते. तोच थर पाण्यापासून अवघ्या ३ सेंटिमीटरवर असेल, तर केवळ ०.५ मिमीपेक्षा मोठी छिद्रे रिकामी होतील, आणि कोकोपीटमध्ये इतकी मोठी छिद्रे थोडीच असल्यामुळे जवळजवळ सारी जागा पाण्याने भरून जाईल व मुळांना श्वास घ्यायला हवा उरणार नाही. म्हणजे कपात पाणी किती आणि हवा किती, हे ठरवणारी कळ म्हणजे डब्यातल्या पाण्यापासून कपाची उंची होय. रोपाने पाणी शोषले की छिद्रांतला दाब आणखी उतरतो, खालच्या पाण्याच्या तुलनेत ओढ वाढते आणि वातीतून तेवढेच पाणी वर येते; रोप थांबले की प्रवाहही थांबतो. सेन्सरने जे मोजायचे, ते येथे पाणी स्वतःच मोजते.

आणखी एक योग जुळून येतो. बी रुजताना वरचा थर सतत ओला लागतो, पण खरी पाने फुटल्यावर मुळांना हवा अधिक लागते. डबा काठोकाठ भरून सुरुवात केली की पाणी जसजसे उतरते, तसतशी उंची आपोआप वाढत जाते. सुरुवातीला मात्र कोकोपीट आणि वात दोन्ही भिजवूनच लावावीत, कारण कोरड्या कोकोपीटमध्ये वातीतले पाणी सावकाश पसरते आणि मध्येच सुकलेली वात बहुधा पुन्हा आपली आपण सुरू होत नाही.

फार ओल राहिली तर पिथियमसारख्या बुरशींमुळे रोपांचे बुड जमिनीलगत पाण्याळ होऊन ती कोलमडतात. रोपवाटिकावाले यालाच मर म्हणतात. पाणी सतत खालून वर जात असल्याने क्षार वरच्या थरावर पांढरे साचतात, म्हणून दोन आठवड्यांतून एकदा वरून साधे पाणी घालून ते धुऊन काढावेत. डबा पारदर्शक असेल तर शेवाळ धरते, आणि उघडा असेल तर आठवड्या-दहा दिवसांत त्यातून डेंग्यूचे डास उडतात; तेव्हा काळा कागद आणि घट्ट झाकण यांना पर्याय नाही.

उजेडाबद्दल थोडक्यात सांगतो. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटला, तरी तो बाहेरच्या उन्हाच्या मानाने फारच कमी असतो आणि रोपे उंच, पांढुरकी, लुळी होतात. २० वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब शेंड्यांपासून वीतभर अंतरावर टांगून टायमरने रोज १४ तास चालू ठेवली, तर चाळीस दिवसांत सुमारे ११ युनिट वीज लागते. जांभळ्या प्रकाशाचे महागडे दिवे घेण्याची गरज नाही, कारण पांढऱ्या प्रकाशात तांबडा आणि निळा दोन्ही असतात आणि हिरवाही पानांच्या कामी येतो. बी रुजण्यासाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान लागते, ते आपल्याकडे मार्चपासून घरात फुकट मिळते.

घरात वाढवण्याचा एक फायदा दुर्लक्षिला जातो. पाने आकसणारा बोकड्या दृष्ट लागल्याने येतो, असे समजून वाफ्यावर काळी बाहुली टांगणारे अजूनही भेटतात. प्रत्यक्षात त्यामागे पांढरी माशी पसरवत असलेला विषाणू, फुलकिडे किंवा पानांतला रस शोषणारे सूक्ष्म कोळी असतात, आणि कोवळ्या वयात रोप त्यांच्यापासून दूर राहिले तर बरेच काम होते. बाहुलीऐवजी जाळी टांगावी.

माझ्या बारा कपांना एप्रिलमध्ये एक लिटर पाणी आठ-नऊ दिवस पुरते. रोपे पाच-सहा पानांची झाली की शेवटच्या आठवड्यात मी कपांचा ट्रे दोन लाकडी पट्ट्यांवर चढवून पाण्यापासून आणखी पाच सेंटिमीटर वर नेतो. वाती तेवढ्या लांब आधीच ठेवलेल्या असतात. रोपांना थोडी तहान लागते, वाढ मंदावते, खोड कणखर होते, आणि मग ती गच्चीवरच्या कुंड्यांत जातात.