जुन्या हॅम सेटच्या पॉवर प्लगवरच्या पिना ओळखताना

व्हॉल्व्हचा जुना हॅम (हौशी रेडिओ) ट्रान्सीव्हर, म्हणजे पाठवणारा आणि ऐकणारा एकच सेट, बऱ्याचदा सप्लायशिवायच हाती येतो. मागे अकरा पिनांचा प्लग असतो, पण कोणत्या पिनेवर काय द्यायचं याचा कागद नसतो. कुणीतरी पाठवलेल्या आकृतीवर विसंबून सप्लाय जोडू नका; आधी सेट उघडून पिना स्वतः शोधा. इथे उदाहरण अमेरिकन हीथकिट एचडब्ल्यू-१०१ चं घेतलं आहे. त्याचा मूळ घरगुती सप्लाय एचपी-२३ मालिकेतला.

या सेटला चार पुरवठे लागतात: आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटला ७०० ते ८५० व्होल्ट (२५० मिलिअँपिअर), बाकी व्हॉल्व्हना ३०० व्होल्ट (१५० मिलिअँपिअर), ग्रिड बायससाठी (आउटपुट व्हॉल्व्हचा प्रवाह आवरणारं ऋण व्होल्टेज) उणे ११५ व्होल्ट (१० मिलिअँपिअर) आणि हीटरला १२ व्होल्ट, जवळपास पावणेपाच अँपिअर. शिवाय पुढच्या पॅनलवरच्या चालू-बंद स्विचच्या दोन तारा याच प्लगमधून सप्लायकडे जातात. म्हणजे त्या दोन पिनांवर मेन्स असतं. भारतात तिथे २३० व्होल्ट येणार आणि तो स्विच बनला अमेरिकेतल्या १२० व्होल्टसाठी. त्यावर मेन्स न नेता सप्लायमध्ये १२ व्होल्टचा रिले बसवा, त्याला वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर द्या आणि स्विचने फक्त तो रिले चालवा.

पिना शोधणे

सेटला काहीही जोडलेलं नसताना मल्टिमीटर ओहमवर ठेवा. आधी चासीशी (सेटच्या धातूच्या सांगाड्याशी) थेट जोडलेली पिन शोधा.

हीटरची पिन सर्वात जास्त फसवते. थंड हीटरचा रोध गरम असतानापेक्षा कितीतरी कमी असतो. या सेटमध्ये सगळे हीटर मिळून थंडपणी अर्ध्या ओहमच्या आसपास दिसतात, मीटर बीप देतो आणि शॉर्ट आहे असं वाटतं. खात्रीसाठी सगळे व्हॉल्व्ह काढून पुन्हा मोजा. बीप गेला तर ती हीटरची पिन. ६१४६ या आउटपुट व्हॉल्व्हचे हीटर २ आणि ७ नंबरच्या पिनांवर असतात. दोन्ही ६१४६ चे हीटर एकापाठोपाठ जोडलेले असल्यामुळे एक काढला की दुसराही विझतो. तो बिघाड नव्हे.

प्लेटची लाइन ६१४६ च्या डोक्यावरच्या टोपीपासून चोकमधून मागे येते. टोपी ते पिन रोध अगदी कमी, पण पिन ते चासी खूप मोठा असायला हवा. ३०० व्होल्टची लाइन शोधायला ओए२ हा रेग्युलेटर व्हॉल्व्ह उपयोगी: त्याच्या १ व ५ नंबरच्या पिनांकडून एक जाड रेझिस्टर या लाइनकडे जातो. बायस ६१४६ च्या ५ नंबरच्या पिनेकडून, बायस पॉटमार्गे (बायस कमी-जास्त करणारा फिरता रेझिस्टर) शोधा. वाट मध्येच तुटलेली दिसली तर सेटमधल्या रिलेचं आर्मेचर (हलणारी पट्टी) बोटाने दाबून पुन्हा मोजा. काही जोडण्या फक्त ट्रान्समिटमध्येच होतात.

कागदावर पिना लिहिताना बाजूही लिहा. पिनांच्या बाजूने खालून पाहिलं तर आकडे खाचेपासून घड्याळाच्या दिशेने वाढतात. समोरून सॉकेटकडे पाहताना उलटे. आमच्याकडे येणाऱ्या जळलेल्या सेटमध्ये हीच चूक सर्वाधिक आढळते.

केबल

हीटर आणि चासी या दोन तारा १.५ चौरस मिलिमीटरच्या घ्या. ०.५ ची तार घेतली तर दीड मीटर लांबीत जाऊन-येऊन अर्धा व्होल्ट गळतो आणि व्हॉल्व्ह अर्धवट तापतात. व्होल्टेज सप्लायवर न मोजता व्हॉल्व्हच्या पायाशी मोजा. सप्लायकडून येणाऱ्या टोकाला नेहमी सॉकेट हवं, उघड्या पिना नकोत. पॅनल साहित्याच्या दुकानात मिळणारा अकरा पिनांचा रिले बेस जुळतो, पण त्याचं रेटिंग साधारण २५०-३०० व्होल्टचं असतं. ८०० व्होल्ट त्यातून नेऊ नका. ती तार वेगळ्या हाय-व्होल्टेज कनेक्टरने न्या.

सप्लाय आणि पहिली चाचणी

जुने इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलाच. ८०० व्होल्टच्या लाइनवर एकापाठोपाठ दोन १०० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे, प्रत्येकावर १०० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर. हे रेझिस्टर व्होल्टेज दोन्ही कॅपॅसिटरवर समान वाटून देतात आणि बंद केल्यावर साधारण मिनिटभरात कॅपॅसिटर रिकामे करतात. रेझिस्टर तुटला असेल तर मात्र चार्ज तसाच राहतो. ८०० व्होल्टचा झटका जीवघेणा असतो, म्हणून हात घालण्याआधी मीटरने शून्य पाहा. मोजायचं असेल तेव्हा सप्लाय बंद ठेवून क्लिपा लावा, मग चालू करा.

फक्त ६० हर्ट्झ लिहिलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. असा ट्रान्सफॉर्मर पूर्ण व्होल्टेजवर चालवू नका. दोन १२० व्होल्टच्या प्रायमरी (मेन्सकडच्या गुंडाळ्या) असतील तर २३० साठी त्या सिरीजमध्ये जोडा, आणि पहिल्यांदा १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. एलईडी बल्ब चालणार नाही. सप्लायवर भार नसतानाही बल्ब लख्ख पेटत राहिला तर एक प्रायमरी उलटी जोडली आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे.

सेटला आधी फक्त हीटर द्या, मग बायस. ६१४६ च्या ५ नंबरच्या पिनेवर ऋण व्होल्टेज प्रत्यक्ष मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. बायस नसताना प्लेट काही सेकंदांत लालबुंद होते. नंतर ३०० द्या, तेव्हा ओए२ जांभळट उजळतो. ८०० सर्वात शेवटी. ट्रान्समिटमध्ये, माइक शांत असताना, सेटच्या मीटरवर ५० मिलिअँपिअर येईपर्यंत बायस पॉट फिरवा.

दुरुस्तीला आणताना सेट आणि सप्लाय दोन्ही आणा, पण एकमेकांना न जोडता. पिनांचा कागदही सोबत असू द्या.