लॅव्हनमचा गिल्डहॉल: सहलीला निघण्याआधी वाचून घ्या

आमच्या पूर्व इंग्लंडच्या सहलीत सफोकमधल्या लॅव्हनम या छोट्या बाजारगावासाठी आम्ही दुपारचा मोठा वेळ राखून ठेवतो. 'एवढ्याशा गावात एवढा वेळ कशाला?' असं बरेच जण विचारतात. उत्तर बाजारचौकाच्या कोपऱ्यावर उभं आहे. 1530च्या सुमारास बांधलेला गिल्डहॉल हा इंग्लंडमधल्या लाकडी बांधकामाच्या उत्तम नमुन्यांपैकी एक आहे, आणि काय बघायचं ते आधी ठाऊक असेल तर तो खूप काही दाखवतो.

गिल्ड म्हटलं की व्यापाऱ्यांची संघटना डोळ्यांसमोर येते. हा गिल्ड मात्र कॉर्पस क्रिस्टी या नावाचं धार्मिक मंडळ होता. सभासदांनी एकत्र जेवायचं, सण साजरे करायचे, गेलेल्या सभासदांसाठी प्रार्थना करवून घ्यायच्या, असं त्याचं काम. पण अशा मंडळाला ऐपतीचे सभासद लागतात, आणि लॅव्हनममध्ये ते कापडाच्या धंद्यातून आले होते. इथलं निळं लोकरी कापड परदेशी जात असे. 1524च्या करआकारणीत या गावाने यॉर्क आणि लिंकन या मोठ्या शहरांपेक्षा जास्त कर भरला. तो निळा रंग वोड नावाच्या झाडाच्या पानांतून काढत. त्यातलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच, फक्त झाड वेगळं.

आता इमारतीकडे. आत शिरायची घाई करू नका. आधी चौकातल्या दगडी क्रॉसपाशी उभं राहून समोरची भिंत नीट बघा. उभे ओक खांब इतके जवळजवळ आहेत की मधल्या पट्ट्या जवळपास खांबांच्याच रुंदीच्या वाटतात. भिंत पेलायला एवढं लाकूड लागत नाही. ओक तेव्हाही महाग होता, त्यामुळे खांब जितके दाट तितकी मालकाची श्रीमंती रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायची. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला आहे. मजल्याच्या कड्या (मजला पेलणारी आडवी लाकडं) भिंतीच्या बाहेर काढून त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी केली, म्हणून तसा दिसतो. मजला एकाच बाजूला पुढे काढायचा असेल तर ही पद्धत सोपी. कोपऱ्यावर दोन्ही रस्त्यांकडे मजला पुढे काढायचा असेल, तर आत एक जाड तुळई तिरकी टाकावी लागते आणि दोन्ही बाजूंच्या कड्या तिच्यात येऊन बसतात. तो सगळा भार खाली कोपऱ्यातल्या खांबावर येतो. म्हणून असे खांब कारागीर बहुधा झाडाचा बुंधा उलटा करून घडवत, मुळाकडचा रुंद भाग वर ठेवून. इथल्या कोपऱ्याच्या खांबावर कोरीवकाम आहे. पाचशे वर्षांच्या पावसापाण्याने ते झिजलंय. जवळ जाऊन बघा, पण हात लावू नका.

जोडणीत मुख्य भार खिळ्यांवर नाही. एका लाकडात खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारं कुसू, आणि आरपार ओकची मेख. सुतार हा सांगाडा आधी आपल्या आवारात जमिनीवर जुळवत, प्रत्येक जोडावर रेघांच्या खुणा करत, मग सुटा करून जागेवर आणून उभा करत. लाकूड ओलंच वापरत, कारण वाळलेला ओक तासताना हत्यारं दमतात. ते जागेवर उभं असताना वाळतं, आक्रसतं, पीळ धरतं. लॅव्हनमची घरं जी वाकडीतिकडी दिसतात त्यामागे हेही एक मोठं कारण आहे. पडायला आलीत असं समजून घाबरू नका.

खांबांमधली भराई कोकणातून आलेल्या मंडळींना लगेच ओळखू येईल. काटक्यांच्या विणीवर माती, पेंढा आणि शेणाचा गिलावा, वरून चुना: ही सरळसरळ कुडाची भिंत. आणखी एक गोष्ट. इंग्लंडमध्ये इतरत्र काळं रंगवलेलं लाकूड आणि पांढरी भिंत असा जोड दिसतो. इथलं लाकूड करडं, फिकट आहे. आमच्या मते ओकला तेच शोभतं.

ज्या मंडळाने ही वास्तू बांधली त्याला ती जेमतेम दोन दशकंही लाभली नाही. सहाव्या एडवर्डच्या काळात, 1547च्या कायद्याने, असे धार्मिक गिल्ड बंद झाले. पुढे इथे गावाचा कारभार चालला, तुरुंग झाला, मग निराधारांना कामाला जुंपणारं वर्कहाऊस आणि लोकरीचं कोठारही. आतल्या प्रदर्शनात वर्कहाऊसचा भाग आहे. तो चुकवू नका, कारण सजलेल्या दर्शनी भिंतीमागे गरिबांचे दिवस कसे गेले ते तिथेच कळतं.

मग एवढं जुनं गाव टिकलं कसं? कापडाचा धंदा बसला म्हणून. कोल्चेस्टरमध्ये स्थायिक झालेले डच विणकर हलकं, स्वस्त कापड काढू लागले आणि लॅव्हनमचा जाड माल मागे पडला. जुनं पाडून विटांचं नवं बांधायला गावाकडे पैसाच उरला नाही. आज गावात तीनशेच्या वर संरक्षित इमारती आहेत, आणि गिल्डहॉल नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

थोडं सोयीचं. लॅव्हनमला आता रेल्वे येत नाही, त्यामुळे आपण गाडीनेच जाऊ. आतल्या जमिनी उंचसखल आहेत आणि दारं ठेंगणी, म्हणून सपाट तळव्यांचे बूट घाला आणि उंच मंडळींनी डोकं सांभाळा. गुडघ्यांचा त्रास असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, म्हणजे वर जाणाऱ्यांसोबत तुमची ओढाताण होणार नाही. नॅशनल ट्रस्टचं सभासदत्व असेल तर कार्ड सोबत ठेवा; प्रवेशशुल्क भरावं लागणार नाही.