आसादेरो

आसादेरो : फिरत्या सळईवर अख्खी कोंबडी भाजून विकणारे कोलंबियातील उपाहारगृह. पूर्ण नाव ‘आसादेरो दे पोयो’ (पोयो म्हणजे कोंबडी). आधी जागा न राखता थेट आत शिरायचे, अख्खी, अर्धी वा पाव कोंबडी मागायची आणि तिथेच खायची किंवा बांधून न्यायची, असा येथील रिवाज आहे. मोठ्या शहरांतल्या वस्त्यांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत आसादेरो आढळतात. रविवारी दुपारी तेथे कुटुंबेच्या कुटुंबे येतात.

नाव : स्पॅनिश ‘आसार’ (भाजणे) हे क्रियापद लॅटिन ‘आस्सारे’वरून आले. ‘-देरो’ हा स्थानवाचक प्रत्यय असून ‘मातादेरो’ (कत्तलखाना) या शब्दातही तो दिसतो. म्हणजे आसादेरो हे मुळात पदार्थाचे नव्हे, जागेचे नाव आहे. मेक्सिकोत मात्र ‘आसादेरो’ म्हणजे एक प्रकारचे चीज, त्यामुळे संदर्भ पाहताना घोटाळा होतो. ‘पोयो’तील (pollo) जोड-एलचा (ll) जुना उच्चार ‘ल्य’च्या जवळचा होता. आंदीज भागात काही ठिकाणी तो टिकून आहे; इतरत्र ‘य’, तर काही प्रदेशांत ‘ज’कडे झुकणारा उच्चार ऐकू येतो. मराठीत कधीकधी दिसणारे ‘पोलो’ हे रूप मात्र चुकीचे आहे.

उगम : सळईवर पक्षी भाजण्याची रीत युरोपात जुनी आहे, त्यामुळे वाद रीतीच्या उगमाचा नसून तिच्या व्यापारी रूपाचा आहे. बहुतेक लेखक पेरूकडे बोट दाखवतात. लिमाजवळील सांता क्लारा येथे स्विस रहिवासी रॉजर शूलर यांनी १९५० च्या सुमारास ‘ग्रान्हा आसूल’ या उपाहारगृहात निखाऱ्यांवरची कोंबडी देण्यास सुरुवात केली. त्यांच्यासाठी फ्रांझ उलरिच यांनी भट्टी घडवली. तिच्यातील सळया स्वतःभोवती फिरत आणि शिवाय एका सामाईक आसाभोवतीही फिरत. म्हणून या रचनेला ‘ग्रहमालिका पद्धती’ म्हणतात. पेरू शासनाने २००४ मध्ये या पदार्थास राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. कोलंबियातही ‘पोयो आ ला ब्रासा’ (निखाऱ्यांवरची कोंबडी) हे पेरूतील नाव चालते, यावरून आसादेरो ही पेरूचीच शाखा असल्याचे मानले जाते.

हा निष्कर्ष यंत्रापुरता ग्राह्य वाटतो. संस्थेपुरता तो अपुरा आहे. पेरूतील अशा दुकानास ‘पोयेरिया’ म्हणतात, आसादेरो नव्हे. मसाल्यातही फरक आहे: पेरूत सोया सॉस व वाकाताय ही सुगंधी वनस्पती रूढ झाली, तर कोलंबियात लसूण, जिरे व पातीचा कांदा यांवर भर राहिला. शिवाय विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोलंबियात कोंबडी म्हणजे मुख्यतः परसातली गावरान कोंबडी, आणि ती ‘सांकोचो’ या रश्श्यात शिजे. लवकर वाढणारी, कोवळ्या मांसाची कोंबडी मुबलक व स्वस्त झाली ती आधुनिक कुक्कुटपालनानंतर. त्याच पुरवठ्यावर, साधारणतः १९६० नंतर, आसादेरो फोफावले असावेत, हे मत अधिक पटणारे आहे. आज कोलंबियात दरडोई वर्षाला ३० किग्रॅ.हून अधिक कोंबडी खाल्ली जाते.

भाजणे : तंदुरी कोंबडीची कातडी बहुधा काढतात, येथे ती मुद्दाम राखतात. फिरताना चरबी वितळून कातडीवरून ओघळत राहते, त्यामुळे आतले मांस कोरडे पडत नाही आणि बाहेरून तांबूस, कुरकुरीत पापुद्रा धरतो. इंधन कोळसा किंवा गॅस. भट्टी बहुधा दर्शनी भागी, काचेआड असते, आणि रस्त्यावरून फिरती कोंबडी दिसणे हीच दुकानाची जाहिरात ठरते. ‘ब्रोस्टर’ ही दाबाखाली तळलेली कोंबडी अनेक आसादेरोंत मिळते, पण ती वेगळ्या परंपरेची आहे.

वाढप : पाव कोंबडी मागितली की ‘पेचुगा’ (छातीचा भाग) की ‘पेर्निल’ (मांडी व तंगडी) हे सांगावे लागते. इतर काही स्पॅनिशभाषक देशांत पेर्निल म्हणजे डुकराची मांडी. सोबत मिठाच्या पाण्यात सालासकट उकडलेले बटाटे, आरेपा ही मक्याची जाड भाकरी, कसावा (साबुदाण्याचा कंद) किंवा आपल्या राजेळीसारखे पिकले केळे तळून देतात. ‘आही’ म्हणजे मिरची, कोथिंबीर व पातीचा कांदा यांची आंबट, पातळ चटणी. काटाचमच्याऐवजी प्लास्टिकचे पातळ हातमोजे मिळतात, आणि ते घालून हातानेच खातात. ही कोलंबियाची खास खूण म्हणता येईल. करपात्र उपाहारगृहांच्या बिलात ८ टक्के उपभोग कर असतो. १० टक्क्यांपर्यंतची बक्षिसी सुचवली जाते, पण ती ऐच्छिक असल्याने देणार का, असे विचारले जाते.

कोलंबियाबाहेर, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील जॅक्सन हाइट्समध्ये स्थलांतरितांनी अशी उपाहारगृहे चालवली आहेत.