मुलगा असला तरी पोक्सो लागतोच

‘बाईने मुलावर अत्याचार केला तर कायद्यात तो गुन्हाच नाही,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चूक आहे. गोंधळ दोन कायद्यांमुळे होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये बलात्काराचा आरोपी पुरुष आणि पीडित स्त्रीच असते. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा 2012 चा पोक्सो कायदा मात्र 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो, मुलगा असो वा मुलगी. त्याच्या कलम 3 (शरीरात प्रवेश करून केलेला लैंगिक अत्याचार) मधल्या ‘he’ या पुल्लिंगी सर्वनामावरून आरोपी पुरुषच हवा, असा युक्तिवाद झाला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने 2024 मध्ये तो फेटाळला. या गुन्ह्याला शिक्षा किमान 10 वर्षं, बालक 16 च्या आतलं असेल तर 20.

‘शरीराने प्रतिसाद दिला, म्हणजे त्याला हवंच होतं’ हा बचाव तर संतापजनक आहे. ती शरीराची अनैच्छिक क्रिया असते, आणि 18 च्या आतल्या संमतीला इथे किंमतच नाही.

अडतं ते पोलीस ठाण्यात, कारण तिथेही कलम 63 च आठवतं. फिर्यादीत पोक्सोचा उल्लेख स्पष्ट करा. वयासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला न्या, तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. अत्याचार माहीत असून पोलिसांना न सांगणं हाही गुन्हा आहे; पीडित मुलगा आहे म्हणून त्यात सूट मिळत नाही.