मांजराने उडवलेली लघवी आणि ट्रेबाहेर केलेली लघवी

लघवीसाठी ठेवलेला वाळूचा ट्रे वर्षानुवर्षे नीट वापरणारे मांजर अचानक घरात इतरत्र लघवी करू लागले, की घरच्यांची तक्रार बहुधा एकच असते, की मांजर घाण करू लागले आहे. पण या एका तक्रारीत दोन अगदी निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एकीत मांजराला आपल्या हद्दीवर खूण सोडायची असते. दुसरीत त्याला खरोखरच लघवी लागलेली असते, पण ती ट्रेमध्ये करणे त्याला नको असते किंवा जमत नसते. एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही: ट्रे कितीही स्वच्छ ठेवला तरी हद्द आखणारा बोका थांबत नाही, आणि नसबंदी केल्याने सुगंधी लिटरला (ट्रेमध्ये भरायच्या वाळूला) विटलेली मांजरी ट्रेकडे परतत नाही. म्हणून उपायांच्या मागे लागण्याआधी आपल्या घरात यांपैकी काय चालले आहे ते ठरवणे आवश्यक आहे.

ते ठरवायला सर्वांत उपयोगी पडतो तो मांजराचा पवित्रा. खूण करणारे मांजर उभे राहते, भिंतीकडे किंवा पडद्याकडे पाठ करते, शेपटी ताठ वर उचलते, तिचे टोक थरथरवते, मागचे पाय जागच्या जागी हलवते आणि थोडीशीच लघवी मागे उडवते. लघवी करणारे मांजर मात्र खाली बसते आणि मूत्राशय बऱ्यापैकी रिकामे करते. प्रत्यक्ष कृती पाहायला मिळाली नाही तरी डाग बरेच सांगून जातो. खिडकीच्या पडद्यावर जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर सुरू होऊन खाली ओघळत गेलेली अरुंद रेघ आणि तिच्या पायथ्याशी जेमतेम चमचाभर ओल, ही खुणेची निशाणी होय. गोधडीच्या मधोमध पसरलेला, आतल्या कापसापर्यंत मुरलेला मोठा गोल डाग ही लघवीची. तिसरी गोष्ट म्हणजे ट्रे स्वतः. खुणा करणारे मांजर नेहमीची लघवी बहुतेक वेळा ट्रेमध्येच करत राहते, त्यामुळे लिटरमधले गोळे पूर्वीइतकेच निघतात. दुसऱ्या प्रकारात ते कमी होतात. सापडत नसलेले जुने डाग अंधारात अतिनील टॉर्चच्या प्रकाशात दिसतात.

खूण करण्यामागे बहुधा दुसरे मांजर असते. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य अधिक असते आणि तो उग्र, नाकात बसणारा वास त्यातूनच तयार होतो. नसबंदी हा इथला पहिला उपाय, कारण ती केल्यावर बहुसंख्य बोके खुणा करणे थांबवतात किंवा पुष्कळ कमी करतात. तरीही सर्व थांबत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक महाविद्यालयातील बेंजामिन हार्ट यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लहानपणीच नसबंदी झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के बोके आणि ५ टक्के मांजरी पुढे खुणा करत असल्याचे आढळले होते. अशा वेळी खुणा कुठे आहेत ते पाहावे. त्या दार आणि खिडक्यांपाशीच असतील, तर कुंपणाच्या भिंतीवर येऊन बसणारा सोसायटीतला बोका हे कारण असण्याचा संभव मोठा. तळमजल्यावरच्या घरांत हे हमखास दिसते. खिडकीच्या खालच्या भागाला अपारदर्शक कागद लावून बाहेरचा बोका दिसेनासा केला, तर पुष्कळदा निम्मे काम होते. खुणा नव्या सोफ्यावर, पाहुण्यांच्या बॅगांवर किंवा घरात नव्याने आणलेल्या मांजराच्या वाटेवर असतील, तर कारण घराच्या आत आहे असे समजावे.

दुसऱ्या प्रकारात कारणे अधिक आहेत आणि त्यांतली बरीचशी आपल्या हातातली आहेत. मांजराला पाय मऊ वाळूत रुतवून उकरायला आवडते, म्हणून बहुतेक मांजरांना बारीक कणांचे, वास नसलेले, गोळे धरणारे लिटर पसंत पडते. लव्हेंडरचा वास आपल्यासाठी घातलेला असतो. ब्रँड अचानक बदलला, ट्रे मांजराच्या लांबीच्या मानाने तोकडा असला, त्यावर झाकण असले, किंवा तो दणदणणाऱ्या वॉशिंग मशीनशेजारी ठेवला, तर मांजर मोरीतली जाळी किंवा अंथरूण जवळ करते. जितकी मांजरे त्याहून एक ट्रे अधिक असावा, आणि सगळे ट्रे एकाच कोपऱ्यात मांडू नयेत, कारण एक दांडगे मांजर तिथे बसून राहिले की बाकीच्यांची वाटच अडते. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखत असतील, तर उंच कडेचा ट्रे ओलांडणे हीच त्याची अडचण असते. एक बाजू खाली कापून दिली की ते पुन्हा आत जाऊ लागते.

मात्र हे सगळे तपासण्याआधी आजार नाही याची खात्री करावी, आणि याबाबत मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल, ओरडत असेल, लघवीची जागा सतत चाटत असेल आणि थेंबांपलीकडे काही येत नसेल, तर त्याचा मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने बारीक खडे किंवा चिकट साका तिथे अडकतो. त्याला बद्धकोष्ठ झाले असेल असे समजून घरी तेल पाजत बसणे ही नेहमीची आणि घातक चूक होय. मूत्र तुंबले की रक्तातले पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते, आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. अशा बोक्याला रात्र असली तरी त्याच वेळी पशुवैद्याकडे न्यावे. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये. पॅरासिटामॉल मांजरासाठी विषच आहे.

मार्ग अडलेला नसताना दुखून थोडी थोडी लघवी होत असेल, तर तरुण मांजरांत त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे निश्चित कारण न सापडणारा मूत्राशयदाह. जंतुसंसर्ग त्या वयात क्वचित असतो, त्यामुळे लघवीची तपासणी न करताच प्रतिजैविके सुरू करण्यात अर्थ नाही. ओहायो स्टेट विद्यापीठाचे टोनी बफिंग्टन यांनी या आजाराचा मांजरावरच्या ताणाशी असलेला संबंध दाखवला, आणि लपायला जागा, चढायला उंच फळ्या, खेळ, जेवणाच्या ठरलेल्या वेळा यांनी तो आटोक्यात येतो हेही दाखवले. दिवाळीचे फटाके, घराची रंगरंगोटी, मुक्कामी आलेले नातेवाईक हे सगळे ताणच आहेत. इथे दोन्ही प्रकार एकमेकांच्या जवळ येतात, कारण त्याच ताणाने एक मांजर खुणा करते आणि दुसऱ्याचे मूत्राशय दुखू लागते. पाणी वाढवण्यासाठी ओले अन्न देणे दुसऱ्याला लाभते. म्हातारे मांजर ट्रे भरून वाहील इतकी लघवी करत असेल, तर मूत्रपिंडाची आणि साखरेची तपासणी करून घ्यावी.

मांजर हे सूड म्हणून करते असे मानून त्याचे नाक डागात दाबणे किंवा त्याला मारणे थांबवले पाहिजे. त्याने ताण वाढतो, आणि ताण हे तर दोन्हींचे कारण आहे. डाग फिनेलने पुसू नये: फिनॉल मांजराच्या यकृताला निचरता येत नाही. एन्झाइमयुक्त क्लीनर वापरावा, कारण वास उरला की मांजर तिथेच परतते. त्यापुढे मात्र दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात. खुणेची जागा धुऊन झाल्यावर तिथे जेवणाची वाटी मांडावी, कारण जेवतो तिथे मांजर सहसा लघवी उडवत नाही. लघवीची जागा असेल तर तिथे ट्रेच ठेवावा, आणि मांजर तो नियमित वापरू लागल्यावर रोज वीतभर सरकवत आपल्याला हव्या त्या कोपऱ्यात न्यावा.