पुष्प-पक्षी चित्रण

पुष्प-पक्षी चित्रण : फुले, फांद्या, पक्षी व कीटक हा विषय असलेला चिनी चित्रप्रकार. तांग काळात (६१८–९०७) तो स्वतंत्रपणे रूढ झाला, असे सामान्यतः मानतात. दहाव्या शतकात त्याच्या दोन शैली ठरल्या : शू राज्याचा दरबारी चित्रकार हुआंग छ्वान याची रेखीव, रंगप्रधान शैली आणि दक्षिण तांग राज्यातील शू शी याची मोकळी, शाईप्रधान शैली. हुआंगचा पक्षी-कीटकांच्या नमुन्यांचा रेशमी पट बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. शू शीचे निर्विवाद चित्र उपलब्ध नाही.

बाह्यरेषा न आखता थेट रंगाने आकार उभा करण्याच्या ‘मोगू’ (अस्थिहीन) पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. अकराव्या शतकातील विद्वान शन ग्वा तिचे श्रेय शू शीच्या मुलाला देतो, पण नाव देत नाही. त्याच शतकातील कलेतिहासकार ग्वो र्वोशू शू शीच्या नातवाचे, शू छोंगसचे, नाव घेतो. हेच मत अधिक ग्राह्य वाटते. ही पद्धत शू शीच्या मोकळ्या शैलीतून आली, हा समज मात्र टिकत नाही. शनच्या मते हुआंग घराण्याची शाईची रेघ इतकी बारीक असे, की रंगाखाली ती जवळजवळ दिसत नसे. शू शीच्या मुलाने याच शैलीचे अनुकरण करून तेवढी रेघ गाळली.

रेखीव कामासाठी रेशीम ताणून त्यावर सरस-तुरटीचे पाणी तीनदा देतात : पहिला हात हलका, दुसरा भरपूर, तिसरा अगदी पातळ. सतराव्या शतकातील एका चित्रपाठात उन्हाळ्यासाठी सात भाग सरसाला तीन भाग तुरटी, तर हिवाळ्यासाठी दहाला तीन असे प्रमाण आहे. तुरटी वाढली की रेशमावर पांढुरका थर येतो, कुंचला अडखळतो आणि रंग निस्तेज होतो. सरस वाढल्यास चित्र पुढे तडकते. सरस-तुरटीचे पाणी कमी पडले तर रंग फुटतो.

पाकळी दोन कुंचल्यांनी रंगवतात. एकाने कडेला रंग ठेवायचा, दुसऱ्या नुसत्या ओलसर कुंचल्याने तो आत विरवत न्यायचा. हा दुसरा कुंचला पाण्याने थबथबलेला असला, तर रंग मागे ढकलला जाऊन कडक किनार उमटते. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यावा. घाईने खालचा थर उचलला जातो. पांढऱ्या फुलाला रेशमाच्या मागूनही पांढरा रंग देतात. शिंपल्यांच्या पुडीचा पांढरा टिकतो, शिशाचा मात्र हवेतील गंधकयुक्त वायूंनी काळवंडतो. सोंग सम्राट हुइझोंग (राज्यकाल ११००–११२५) पक्ष्यांचे डोळे कच्च्या लाखरोगणाने टिपत असे आणि ते ठिपके पृष्ठभागावर उठून दिसत, अशी बाराव्या शतकातील नोंद आहे.

इतर परंपरांतील मिश्रण : जहांगीरच्या दरबारातील मन्सूरने काश्मीरची शंभराहून अधिक फुले चितारल्याचे बादशहाने लिहिले आहे. १७१५ मध्ये चीनला आलेल्या जुझेप्पे कास्तिल्योने या इटालियन चित्रकाराने चिनी रेशमावर युरोपीय छायाप्रकाश आणला. कलकत्त्यात १७७७ पासून सरन्यायाधीश एलायजा इम्पी व त्याची पत्नी मेरी या दांपत्यासाठी काम करणाऱ्या पाटण्याच्या शेख झैनुद्दीन याने इंग्लिश कागदावर मोगल बारकाव्याने पक्षी रंगवले. अनेक चित्रांत पक्षी ओळखता येईल अशा झाडाच्या फांदीवर बसलेला आहे.