नोंद क्रमांक १०१५०८ : जागतिक जनुकपेढ्यांमधील भारतीय बियाण्यांची पार्श्वभूमी

फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची जनुकपेढी, म्हणजे बियाण्यांचे नमुने जपून ठेवणारी पेढी, आहे. तिच्यात १०१५०८ या क्रमांकाने नोंदलेला एक नमुना आहे. तो कुठल्या पिकाचा नाही, रानभाताचा आहे. उत्तर प्रदेशातील गोंडा परिसरातून १९६३ मध्ये तो गोळा केला गेला आणि पुढे १९६५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी या रानभाताला 'ओरायझा निवारा' हे शास्त्रीय नाव दिले. संस्कृत साहित्यातील आश्रमवर्णनांत भेटणारा 'नीवार' तो हाच. दाणे पिकताच गळून पडतात, लोंबीला लांब कुसळे असतात आणि शेतात उगवला तर शेतकरी तो तण म्हणून उपटून टाकतो. जागतिक जनुकपेढ्यांना भारताने काय दिले, या प्रश्नाची सुरुवात बहुतेक वेळा या तणापासून केली जाते, आणि ते योग्यच आहे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आग्नेय आशियातील नव्या, बुटक्या भातवाणांवर 'ग्रासी स्टंट' हा विषाणूजन्य रोग आला. तपकिरी तुडतुडे तो पसरवत होते. रोगट रोप खुजे राहून गवताच्या ठोंबासारखे फुटत असे आणि त्याला लोंबी जवळजवळ धरत नसे. संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांतल्या एकाच नमुन्यातील काही मोजकी रोपे रोगाला पुरून उरली, आणि तो नमुना गोंड्याच्या रानभाताचा होता. संस्थेतील भातपैदासकार गुरदेव खुश यांच्या गटाने या रोपांचा लागवडीखालील भाताशी वारंवार संकर करून १९७४ पासून प्रतिकारक्षम वाण दिले. त्यांतला १९७६ चा आयआर ३६ हा १९८० च्या दशकात सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरवर घेतला जात होता. त्याच्या वंशावळीत कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत संकरातून तयार झालेली एक ओळही (पैदाशीसाठी वापरायचा भात) आहे, आणि त्या ओळीत केरळातील पट्टांबी केंद्रावरचे गादमाशीला दाद न देणारे जुने वाण मिसळलेले आहेत. एकट्या वाणात एकाच देशाच्या तीन कोपऱ्यांतून आलेले गुण होते. ते निवडणारे शेतकरी मात्र वंशावळीच्या कुठल्याही तक्त्यात आढळत नाहीत.

बियाण्यांचा हा प्रवास जनुकपेढ्यांच्या आधीपासून चालू होता. कॅनडाच्या गव्हाच्या पट्ट्याचे भवितव्य बदलणारा 'मार्क्विस' हा वाण 'रेड फाइफ' आणि 'हार्ड रेड कलकत्ता' यांच्या संकरातून आला. हा संकर १८९२ मध्ये झाला आणि चार्ल्स सॉन्डर्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या संततीतून निवड केली. कलकत्त्याच्या गव्हामुळे पीक लवकर येऊ लागले, म्हणून पश्चिम कॅनडात हिम पडण्याआधी कापणी शक्य झाली. ऑस्ट्रेलियात विल्यम फॅरर यांनी १९०१ मध्ये दिलेल्या 'फेडरेशन' गव्हाच्या पूर्वजांत 'इटावा' हा भारतीय गहू होता. ही दोन्ही नावे बंदराची किंवा गावाची आहेत. 'कलकत्ता' म्हणजे जिथून गहू जहाजात चढला ते ठिकाण. तो पिकला कुठे, याची नोंद कोणी ठेवली नाही. पुढे शतकभर जो घोटाळा होत राहिला त्याचे मूळ इथे आहे. दाणे गेले आणि त्यांच्यासोबत जायला हवी होती ती माहिती मागेच राहिली.

स्वतः पद्धतशीरपणे बियाणे गोळा करण्याचा विचार भारतात १९३० च्या दशकापासून मांडला जात होता, पण प्रत्यक्ष काम १९४६ नंतर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग यांच्या पुढाकाराने सुरू झाले. १९६१ मध्ये त्याचा स्वतंत्र विभाग झाला आणि १९७६-७७ मध्ये त्यातूनच राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संपदा ब्युरो उभा राहिला. दरम्यान रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी पिकांच्या उगमस्थानांची जी केंद्रे सांगितली होती, त्यांत हिंदुस्थानचे केंद्र भात, ऊस, तूर, उडीद, मूग, वांगे आणि काकडी यांसाठी मान्य झालेले होते. त्यामुळे जगातील संग्राहकांचे लक्ष इकडे होतेच.

१९५० च्या दशकात ओडिशातील जयपूर-कोरापुट भागात भाताचे मोठे सर्वेक्षण झाले. १९६७ पासून पुढच्या काही वर्षांत ईशान्य भारतातून सहा हजारांहून अधिक भातांचे नमुने जमवण्यात आले. हा 'आसाम भात संग्रह' म्हणून ओळखला जातो आणि त्याची प्रत लॉस बान्योसला पाठवण्यात आली. मध्य प्रदेशात, आजच्या छत्तीसगडमध्ये, भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी रायपूरला १९७० च्या दशकात सुमारे १९,००० नमुन्यांचा संग्रह केला. त्यांचे वैशिष्ट्य असे की दाण्यांसोबत ते शेतकऱ्याने दिलेले नाव, जमिनीचा प्रकार, पिकायला लागणारे दिवस, चव, सुगंध हेही लिहून घेत. हा संग्रह परदेशी द्यावा का, यावरून मोठा वाद झाला आणि रिछारियांचा विरोध जाहीर होता. आपले मत असे की त्या वादात भावनेचा भाग असला तरी मूळ प्रश्न रास्त होता: प्रत बाहेर गेल्यावर तिच्यावर कोणाचा शब्द चालणार? पुढे २००२ मध्ये सिन्जेन्टा ही बहुराष्ट्रीय बियाणे कंपनी आणि रायपूरचे कृषी विद्यापीठ यांच्यातील प्रस्तावित करारावरून हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि लोकांच्या विरोधानंतर कंपनीने माघार घेतली.

ज्वारी, बाजरी, हरभरा आणि तूर यांची वाट वेगळी. या पिकांसाठीची आंतरराष्ट्रीय संस्था 'इक्रिसॅट' १९७२ मध्ये हैदराबादजवळ पटानचेरूला, म्हणजे भारताच्याच भूमीवर, स्थापन झाली. १९६० च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने भारतीय संस्थांनी जमवलेला ज्वारीचा जागतिक संग्रह तिच्याकडे आला. डाळींचे जुने संग्रहही आले. आज तिच्या पेढीत १४४ देशांतील सव्वा लाखाच्या आसपास नमुने आहेत. त्यांत सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ केंद्रावर निवडलेली मालदांडी ज्वारीही आहे. कोरडवाहू काळ्या जमिनीत थंडीच्या ओलाव्यावर येणारी, मोत्यासारख्या दाण्याची आणि चांगल्या कडब्याची ही ज्वारी महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिच्यापासून मिळालेला नर-वंध्यत्वाचा (परागकण निकामी असण्याच्या गुणाचा) एक स्रोत ज्वारीच्या संकरांवरच्या संशोधनात 'मालदांडी' याच नावाने ओळखला जातो, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते.

पेढीत नमुना ठेवणे म्हणजे काय, हे जवळून पाहिले तर या सगळ्या चर्चेचा आवाका कळतो. शेतकऱ्याच्या कणगीतून ओंजळभर दाणे येतात. त्यांतील फुटके, किडके आणि मिसळलेले दाणे हाताने वेचून काढतात. मग १५ अंश सेल्सिअस आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खोलीत ते दाणे आठवडे, कधी महिने, वाळतात. ओलावा पिकानुसार ३ ते ७ टक्क्यांवर आला की ते ॲल्युमिनियमच्या थराच्या पाकिटात हवाबंद करून उणे १८ ते उणे २० अंशांवर ठेवतात. ठरावीक वर्षांनी उगवणशक्ती तपासतात आणि ती उतरली की दाणे शेतात पेरून नव्याने वाढवतात. पाकिटावर क्रमांक असतो. त्या क्रमांकामागची 'पासपोर्ट' नोंद, म्हणजे गाव, जिल्हा, तारीख, स्थानिक नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, ही अनेक जुन्या भारतीय नमुन्यांच्या बाबतीत अपुरी आहे. दाणे जिवंत असतात, पण ते कोणाचे हे सांगता येत नाही.

नोंद नीट असली तर काय घडते, याचे उदाहरण ओडिशातील एफआर १३ ए हा भात आहे. पूर येणाऱ्या खाचरांत टिकणाऱ्या 'धालपुटिया' या स्थानिक भातातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो निवडला गेला. साधे भात पाण्याखाली गेले की वर येण्यासाठी झपाट्याने उंच होते, साठवलेले अन्न संपवते आणि पाणी ओसरल्यावर आडवे पडते. एफआर १३ ए याच्या उलट वागतो: वाढ थांबवतो, साठा राखतो आणि पाणी उतरले की पुन्हा फुटतो. हा गुण ज्या जनुकामुळे येतो ते २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी निश्चित केले. आंध्रातील मारुटेरू केंद्राचा लोकप्रिय 'स्वर्णा' वाण घेऊन त्यात तेवढाच गुण उतरवला गेला, आणि २००९ मध्ये 'स्वर्णा-सब १' भारतातील शेतकऱ्यांना मिळाला. ओडिशाचा गुण फिलिपिन्सला जाऊन, आंध्रच्या वाणात बसून, पुन्हा ओडिशात आला. 'कसालथ' या पूर्व भारतातील भाताचेही तसेच: स्फुरद कमी असलेल्या जमिनीत मुळे वाढवणारे त्याचे जनुक २०१२ मध्ये जाहीर झाले.

हिशेब एकतर्फी नाही, हेही सांगायला हवे. भारतातील हरितक्रांतीच्या गव्हाचा बुटकेपणा जपानच्या 'नोरिन १०' मधून मेक्सिकोमार्गे आला आणि भाताचा तैवानच्या 'डी-जिओ-वू-जेन' मधून. भुईमूग, मका, मिरची, बटाटा ही तर मूळचीच परकी पिके. 'आम्ही दिले, त्यांनी नेले' एवढेच म्हणणारी मांडणी म्हणूनच लंगडी पडते. पण देवाणघेवाण समतोल होती असे म्हणणेही खरे नाही, कारण नियम लिहिले गेले ते बियाणे जाऊन चुकल्यावर.

ते नियम टप्प्याटप्प्याने आले. १९८३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जननद्रव्य (बियाण्यांतील आनुवंशिक ठेवा) हा 'मानवजातीचा वारसा' मानणारा, बंधनकारक नसलेला करार स्वीकारला. त्या वेळी संघटनेच्या परिषदेचे स्वतंत्र अध्यक्ष डॉ. एम. एस. स्वामिनाथन होते. डिसेंबर १९९३ मध्ये जैवविविधता करार अमलात आला आणि जननद्रव्यावर देशांचे सार्वभौमत्व मान्य झाले, पण मागील तारखेपासून नाही. त्याआधी लॉस बान्योसला किंवा पटानचेरूला पोहोचलेले नमुने या हक्काबाहेर राहिले. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय केंद्रांनी हे संग्रह विश्वस्त म्हणून सांभाळण्याचे आणि त्यांवर बौद्धिक संपदेचा दावा न करण्याचे मान्य केले. २००१ चा वनस्पती जनुकीय संपदेचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये लागू झाला. भारताने तो २००२ मध्येच स्वीकारला होता. ज्यांचे बियाणे सुलभपणे द्यायचे अशा पिकांची यादी त्याच्या परिशिष्टात आहे, आणि तिच्यात ६४ पिके आहेत. भात, गहू, ज्वारी, हरभरा, तूर त्यांत आहेत. भुईमूग, ऊस आणि सोयाबीन नाहीत. यादी शास्त्राने कमी आणि वाटाघाटींनी जास्त ठरली, हे तिच्याकडे पाहताच कळते. ठरलेल्या नमुना करारानुसार, घेतलेल्या बियाण्यातून तयार केलेले उत्पादन संशोधनासाठी इतरांना खुले ठेवले नाही, तर विक्रीच्या १.१ टक्क्यातून ३० टक्के वजा करून, म्हणजे ०.७७ टक्के रक्कम सामाईक निधीत भरावी लागते. ती मूळ देशाला थेट मिळत नाही.

भारताने स्वतःचे कायदेही याच काळात केले: २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, आणि २००२ चा जैवविविधता कायदा. एक कायदा परवानगीशिवाय बियाणे बाहेर जाऊ देत नाही आणि दुसरीकडे आंतरराष्ट्रीय करार ते सुलभपणे देण्यास सांगतो, हा पेच काही वर्षे राहिला. २०१४ च्या अधिसूचनेने परिशिष्टातील पिकांपुरता तो सोडवला. त्याच वर्षी भारताने नॉर्वेतील स्वालबार्डच्या बर्फाळ बीजतिजोरीत स्वतःच्या नावाने तुरीचे नमुने ठेवले. भारतीय मूळ असलेले हजारो नमुने मात्र त्याआधीच, २००८ पासून, इक्रिसॅट आणि भात संस्थेच्या पेट्यांतून तिथे पोहोचलेले होते. उलट प्रवासही झाला आहे: इक्रिसॅटने चाळीस हजारांहून अधिक नमुने दिल्लीच्या राष्ट्रीय ब्युरोला परत दिले.

सप्टेंबर २०२२ मध्ये या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियामक मंडळाची नववी बैठक नवी दिल्लीत झाली. तिच्यात लाभवाटपाची, म्हणजे बियाण्यापासून होणारा फायदा कसा वाटायचा याची, रखडलेली बोलणी पुन्हा सुरू करण्याचे ठरले, आणि त्यांतला अवघड मुद्दा बियाण्याचा नसून त्याच्या माहितीचा आहे. २०१४ मध्ये ८९ देशांतील सुमारे तीन हजार भातवाणांचे जनुकीय अनुक्रम, म्हणजे त्यांच्या डीएनएमधील घटकांचा क्रम, सर्वांसाठी खुले करण्यात आले. त्यांत भारतीय वाण मोठ्या संख्येने आहेत. दाणे मागवायचे तर करारावर सही करावी लागते. अनुक्रम मात्र कोणालाही, कोणतीही सही न करता, संगणकावर उतरवून घेता येतो.